बंपर, हेडलाईटचे लॉक, स्कूटरचं पॅनल: आधी वेल्ड, मग ग्लू

तुटलेलं प्लास्टिक जोडायचं म्हटलं की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो हॉट एअर गन घे आणि वेल्ड मारून टाक, दुसरा म्हणतो कशाला एवढं, दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाईट लाव आणि रात्रभर ठेव. दोघांचंही काम काही दिवस टिकतं आणि मग बरोब्बर तिथेच परत चीर दिसायला लागते. माझं म्हणणं एवढंच आहे की हा वादच चुकीचा आहे, कारण दोन्ही पद्धतींची कमजोरी वेगवेगळ्या जागी आहे आणि नीट क्रमाने वापरल्या तर एकीची कमी दुसरी भरून काढते.

थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वेल्डमध्ये दोन्ही कडा वितळून एकमेकांत मिसळतात, म्हणजे चीर आतपर्यंत खरंच भरून निघते. पण चिरेत वितळवून भरायची जी प्लास्टिकची कांडी असते, म्हणजे रॉड, त्याच्या कडेला जी बारीक खाच राहते तिथूनच पुढचा तडा सुरू होतो, आणि शिवाय समोरून पेंट करायचा असेल तर ती वेल्डची वर आलेली रेघ घासून सपाट करावी लागते, म्हणजे कष्टाने भरलेला माल अर्धा आपणच काढून टाकतो. ग्लूचं उलट आहे. त्याला भरपूर जागा मिळाली आणि जोर पृष्ठभागाला समांतर आला तर तो जबरदस्त धरतो, पण एका कडेने सोलायला लागलं की सरसर सुटत जातो. कारच्या बंपरची जाडी साधारण ३ मिलीमीटर असते, त्या ३ मिलीमीटरच्या कडेला कडा चिकटवून ग्लू काय करणार? त्याला धरायला जागाच नाही. म्हणून कडेला वेल्ड आणि पाठीला ग्लू. समोरून कितीही घासा, भार पाठीमागचा थर घेतो.

आणि क्रम कधीच उलटा नाही. आधी वेल्ड, ते पूर्ण गार, मग ग्लू. चिरेत आधीच ग्लू भरलेला असेल आणि वरून गरम हवा मारली तर ग्लू जळतो, त्याचा धूर डोळ्यांत-घशात जातो, आणि वितळलेल्या प्लास्टिकमध्ये जळकी घाण मिसळून वेल्डही कच्चा राहतो. दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्याअधिक पार्टवर कोणीतरी आधी फेविक्विकसारखा इन्स्टंट ग्लू टाकलेला असतोच, तो पांढरा थर कानशीने नाहीतर ब्लेडने खरवडून खालचं स्वच्छ प्लास्टिक दिसेपर्यंत काढायचा, त्याशिवाय गन चालूच करायची नाही.

प्लास्टिक कोणतं आहे ते आधी बघा

हे टाळून पुढे जाता येत नाही. पार्ट उलटा करा, आतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात. कारच्या बंपरवर बहुतेक वेळा पीपी आणि ईपीडीएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे पॉलीप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळलेलं, आणि पुढे टी२० असेल तर त्यात २० टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे. स्कूटर-बाईकच्या पेंट केलेल्या पॅनलवर बऱ्याचदा एबीएस हे कडक प्लास्टिक असतं, काळ्या खरबरीत मडगार्डवर पीपी. हेडलाईटच्या मागच्या डब्यावर पीपी आणि टाल्क, पुढच्या काचेवर (जी काच नसतेच) पीसी म्हणजे पॉलीकार्बोनेट.

अक्षरं घासली गेली असतील तर आतल्या बाजूने एक चिमूटभर कात्रण काढून चिमट्यात धरून जाळून बघा, मोकळ्या हवेत. पीपी मेणबत्तीसारखं जळतं, थेंब गळतात, वासही मेणाचा येतो आणि धूर कमी. एबीएसचा काळा काजळीचा धूर निघतो, काजळीचे धागे हवेत तरंगतात. नायलॉनला केस जळल्याचा वास. पीव्हीसी ज्योत काढली की विझतं आणि धूर नाकाला झोंबतो, तो धूर हुंगत बसू नका, त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. पाण्यात तरंगतं की बुडतं हा प्रयोग बरेच जण सांगतात, पीपीची घनता ०.९ आहे म्हणून ते तरंगायला पाहिजे हे खरं, पण टाल्क घातलेलं पीपी पाण्याइतकं किंवा जास्तच जड होतं आणि बुडतं, त्यामुळे बंपरच्या बाबतीत हा प्रयोग फसवतो.

सगळ्यात खात्रीची टेस्ट म्हणजे रॉडचीच. आतल्या न दिसणाऱ्या जागी ज्या प्लास्टिकचा वाटतो त्या रॉडचा २-३ सेंटीमीटर तुकडा वेल्ड करा, गार होऊ द्या आणि पकडीने ओढा. पटकन निघाला तर प्लास्टिक वेगळं आहे. खालचं प्लास्टिक घेऊन फाटला तर जोडी जमली. पीपीवर एबीएसचा रॉड कधीच धरत नाही, कितीही तापवा. केबल टाय वितळवून वेल्ड करायचे जे व्हिडिओ असतात ते टाय नायलॉनचे असतात, ते फक्त नायलॉनवरच चालतात, बंपरवर ते नुसते वरवर बसल्यासारखे दिसतात. रॉड नाही मिळाला तर त्याच पार्टच्या आतल्या कडेची जास्तीची पट्टी कापून घ्या, नाहीतर भंगारवाल्याकडून तीच अक्षरं कोरलेला तुटका बंपर आणा आणि ४-५ मिलीमीटर रुंद पट्ट्या कापा. हा सगळ्यात चांगला रॉड, माझ्या मते विकतच्यापेक्षाही, कारण त्यात रबर आणि टाल्क त्याच जातीचं असतं.

वेल्डची तयारी

आधी साबण-पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, दोन वेगळ्या चिंध्या घेऊन, एक ओली एक कोरडी. गाडीवर चकाकीसाठी जे सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असतं ते घासण्याआधीच निघालं पाहिजे, नाहीतर पॉलिश पेपर ते आत रगडून बसवतो आणि मग ना ग्लू धरतो ना पेंट.

चिरेचं टोक नीट शोधा, डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढेच असतं ते, पार्ट हलका वाकवला की कळतं. तिथे ३ मिलीमीटरचं भोक पाडा. टोकदार चिरेला गोल शेवट मिळाला की ती पुढे धावत नाही. मग चीर नीट जुळवून समोरून अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा आणि पाठीमागून चिरेवर व्हीसारखी खाच काढा, ग्राइंडरच्या छोट्या बिटने किंवा नुसत्या धारदार स्क्रेपरने, खोली जाडीच्या साधारण दोन तृतीयांश. स्पीड कमी ठेवा, पीपी कापलं जायच्या ऐवजी वितळून लोंबायला लागतं.

चीर जुळवून धरायला हॉट स्टेपलर असेल तर उत्तम, ते नागमोडी स्टेनलेस स्टीलचे स्टेपल तापवून पाठीमागून अर्ध्या जाडीपर्यंत दाबायचे, पुढून फुगा येता कामा नये. पण खाचेच्या रेषेतच स्टेपलची गर्दी करू नका, वेल्डला जागा पाहिजे. दोन टोकांना आणि मध्ये अंतर ठेवून पुरे.

प्रत्यक्ष वेल्ड

पीपीला नोझलच्या तोंडाशी साधारण ३०० अंश, एबीएसला ३५० च्या आसपास. पीपी स्वतः १६० ते १६५ ला वितळतं, पण हवा पोचेपर्यंत गार होते म्हणून एवढं लागतं. पेंट काढायच्या रुंद तोंडाच्या गनने हे जमत नाही, ५ मिलीमीटरचं बारीक नोझल लावा. साधा सोल्डरिंग आयर्न वापरणार असाल तर रेग्युलेटरवाला घ्या, बिनरेग्युलेटरच्याचं टोक चारशेच्या आसपास जातं आणि पीपी तिथे जळून पिवळं-तपकिरी होतं, आणि जळलेल्या जागेत ताकद नसते, ती खरवडून परत भरावी लागते.

गन रॉड आणि खाच दोघांवर पंख्यासारखी हलवत ठेवा. दोन्हींवर एकाच वेळी ओलसर चमक आली की रॉड दाबायचा आणि पुढे सरकायचं, मिनिटाला दहाएक सेंटीमीटर, त्याहून घाई नको. रॉडच्या दोन्ही बाजूंना वितळलेल्या मालाची बारीक सलग ओळ दिसली पाहिजे. ती नसेल तर रॉड नुसता वर ठेवलाय असं समजा, दिसायला कितीही सुंदर असो. ही एकच खूण मी सगळ्यात जास्त मानतो.

झालं की तसंच राहू द्या. पाणी मारून गार करू नका, एकदम आकसून आत ताण राहतो. पाठीचा वेल्ड पूर्ण गार झाला की समोरची टेप काढून पुढूनही उथळ खाच काढून एक बारीक पास मारा. मग समोरून सपाट घासा, पाठीमागून फक्त वर आलेले गोळे काढा, बाकी माल राहू द्या.

आता ग्लू, आणि इथेच लोक घसरतात

पीपीवर ग्लू का धरत नाही? त्याच्या पृष्ठभागाची ओढच कमी आहे. पाण्याचा थेंब टाकून बघा, अळवाच्या पानावर टाकल्यासारखा गोळा होऊन बसतो, आणि पाणी जसं पसरत नाही तसाच ग्लूही पसरत नाही. एबीएसवर पाणी बरंच पसरतं म्हणून तिथे साधा इपॉक्सीही (तेच दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाईट) बऱ्यापैकी चालतो. म्हणजे पीपीसाठी दोनच रस्ते आहेत, एक तर पॉलीओलेफिनसाठी (म्हणजे पीपीच्या जातीच्या प्लास्टिकसाठी) खास बनवलेला दोन भागांचा अ‍ॅक्रिलिक ग्लू, तो महाग असतो पण प्रायमरशिवाय धरतो, नाहीतर पृष्ठभागाला ज्योत देऊन मग प्लास्टिकचा अ‍ॅडहेजन प्रमोटर (ग्लूची पकड वाढवणारा पातळ थर) आणि लवचिक दोन भागांचा बंपर रिपेअर ग्लू.

ज्योत द्यायची पद्धत सांगतो, कारण ती फुकट आहे आणि खूप उपयोगी आहे. वेल्डच्या दोन्ही बाजूंना ३-४ सेंटीमीटर जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पीपीला घासल्यावर केसांसारखी लव येते, ती असू दे. धूळ झटका. आता छोटा गॅस टॉर्च, ज्योत निळी पाहिजे, पिवळी ज्योत काजळी सोडते. आतल्या निळ्या सुळक्याच्या टोकापासून सेंटीमीटरभर पुढचा भाग पृष्ठभागावरून झपकन फिरवायचा, एका जागी सेकंदभरही थांबायचं नाही. लव जळून जाते, पण पृष्ठभाग वितळून चकाकला तर जास्त झालं. ज्योतीतला ऑक्सिजन वरच्या अगदी पातळ थराला लागतो आणि त्याची ओढ वाढते. मग बाजूला त्याच पट्ट्यात पाण्याचा थेंब टाका. पसरला तर काम झालं, गोळा राहिला तर अजून एक फेरी. पाणी टिपून वाळवा आणि लगेच, अर्ध्या तासाच्या आत, ग्लू लावा. हात लावू नका, अल्कोहोलने परत पुसू नका, उद्यासाठी ठेवू नका, हा परिणाम उतरत जातो. आणि हो, अल्कोहोल, थिनर, अ‍ॅसिटोनचे डबे ज्योत पेटवायच्या आधी लांब गेलेले असले पाहिजेत, पार्टवरचं अल्कोहोलही पूर्ण उडालेलं असलं पाहिजे.

साधा कडक इपॉक्सी बंपरच्या पाठीला नको असं माझं स्पष्ट मत आहे. बंपर वाकतो, इपॉक्सी वाकत नाही, मग तो पापुद्र्यासारखा उचकटतो. हेडलाईटच्या डब्यासारख्या ताठ पार्टला तो चालून जातो, पण तिथेही पीपी असेल तर ज्योत लागतेच.

लावताना आधी पातळ थर घ्या आणि पत्र्याच्या पट्टीने घासून रगडून बसवा, खाचाखोचांत हवा राहू नये. त्यावर ग्लास फायबरची जाळी, चिरेच्या दोन्ही बाजूंना निदान ३ सेंटीमीटर जाईल एवढी, कोपरे गोल कापलेले. त्यावर दुसरा थर. मधोमध २-३ मिलीमीटर जाड आणि कडेला उतरत उतरत शून्यावर. कडेला जाड पायरी ठेवलीत तर सोलणं तिथूनच सुरू होतं, कड पातळ असेल तर ती पार्टबरोबर वाकते. दोन पार्ट एकमेकांवर चिकटवत असाल तर क्लॅम्प आवळून सगळा ग्लू बाहेर काढू नका, पाव मिलीमीटरचा थर मध्ये राहायला पाहिजे, काही ग्लूमध्ये त्यासाठीच काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात.

वेळ घाईने मोजू नका. हाताला कडक लागला म्हणजे पक्का झाला असं नाही, पूर्ण ताकदीसाठी २४ तास धरा. पावसाळ्यात तर विशेष जपा, कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये पॉलीयुरेथेनचा ग्लू हवेतल्या ओलाव्याने बुडबुडे धरतो आणि इपॉक्सीवर चिकट थर येतो. खोलीत दिवा किंवा हीटर लावून पार्ट कोरडा आणि कोमट ठेवा, पण गरम नाही.

हेडलाईटचे लॉक

जरा धक्का लागला की आधी हेच तुटतात आणि आख्खं असेंब्ली घ्यायला सांगतात, म्हणून वेगळं लिहितो. लॉक म्हणजे तो स्क्रूचा कान. नुसता चिकटवला तर पहिल्या खड्ड्यात जातो, नुसता वेल्ड केला तर बुडातून तुटतो. कान जागेवर नीट बसवून (शक्य असेल तर गाडीवरच स्क्रू लावून जागा पक्की करा आणि वेल्डचे दोन छोटे टाके मारा, मग काढून घ्या) दोन्ही बाजूंनी खाच करून वेल्ड करा, डब्यापासून कानापर्यंत जाणारा एक स्टेपल किंवा स्टीलच्या तारेचा तुकडा तापवून आत बुडवा आणि वरून रॉडने झाका. गार झाल्यावर ज्योत देऊन बुडाच्या कोपऱ्यात ग्लूचा गोलसर भराव घाला. तो गोलाई असलेला भरावच खरा उपयोगाचा, कारण काटकोनी कोपऱ्यातच ताण साठतो. पुढची काच आणि सील तापू देऊ नका, मध्ये ओलं फडकं धरा.

याच हेडलाईटवरून अजून एक गोष्ट लक्षात येते. पुढचं पॉलीकार्बोनेट आणि मागचं पॉलीप्रॉपिलीन एकमेकांत वितळून मिसळतच नाहीत, म्हणून कंपनीतही ते वेल्ड होत नाही, खोबणीत सीलंट भरून चिकटवतात. उलट मागच्या लाल दिव्याचं अ‍ॅक्रिलिक आणि एबीएस एकमेकांशी जमतात, त्यामुळे ते वेल्ड करतात. तर दोन वेगळे प्लास्टिक आले की प्रत्येक तुकडा आधी त्याच्या त्याच्या रॉडने अखंड करा आणि मग दोघांचा जोड ग्लूवर सोडा.

एबीएसचं पॅनल

इथे काम सोपं आहे. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याच रंगाच्या पॅनलचे तुकडे काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट पेस्ट होते, आणि ती लावली की वरचा थर विरघळून एकजीव होतो, म्हणजे ग्लू लावतोय असं वाटलं तरी तो थंड वेल्डच आहे. पण इथेही आधी गरम वेल्ड आणि स्टेपल, मग पेस्ट. अ‍ॅसिटोन ओलं असताना गन चालू केली तर आग लागते, यात अतिशयोक्ती अजिबात नाही. पेस्टचे पातळ थर द्या, मध्ये जाळी, प्रत्येक थर वाळू द्या, आणि शेवटी पूर्ण दिवस ठेवा, कारण आत अ‍ॅसिटोन राहिलं की प्लास्टिक मऊ राहतं. पॅनल ताणून बसवलेलं असताना लावू नका, ताणलेल्या प्लास्टिकला सॉल्व्हंट लागलं की बारीक बारीक चिरा जातात. पॉलीकार्बोनेटला तर अ‍ॅसिटोन लावूच नका, तिथे हे लगेच होतं.

ठिगळ लावायचं असेल तर

भोकच पडलंय, तुकडा हरवलाय, अशा वेळी त्याच प्लास्टिकचा तुकडा मागून लावतात. इथे वेल्ड आणि ग्लू दोन्ही एकाच जोडात येतात, त्यामुळे युक्ती अशी की आधी दोन्ही बाजू घासून-ज्योत देऊन तयार ठेवायच्या, ठिगळ ठेवून फक्त चार कोपऱ्यांना वेल्डचे टाके मारायचे, गार होऊ द्यायचं, मग सिरिंजने फटीतून ग्लू आत भरायचा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. टाके क्लॅम्पचं काम करतात आणि पुढे कायम सोलण्यापासूनही वाचवतात. फटीसाठी कोपऱ्यांत बारीक तारेचे तुकडे ठेवता येतात.

काही पार्टना हात लावू नका. हेल्मेट, पेट्रोलची टाकी, ब्रेक ऑइलची बाटली, रेडिएटरची प्लास्टिक टाकी, हे सरळ बदला. बंपरच्या आत रडार किंवा पार्किंग सेन्सर असेल तर त्याच्यासमोर जाळी-ग्लूचा थर किंवा स्टेपल येऊ देऊ नका. बाणांमध्ये पीयूआर (पॉलीयुरेथेन) लिहिलेलं दिसलं तर ते वितळणारं प्लास्टिकच नाही, तिथे गन बाजूला ठेवा आणि फक्त ग्लू-जाळीचं काम करा.

काम उघड्यावर किंवा पंखा धूर बाहेर ओढेल असं करा, साधा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला घ्या. ग्लूसाठी नायट्राइलचे हातमोजे, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की ती जात नाही.

पेंटच्या आधी पार्ट दोन्ही हातांनी धरून हलका वाकवून बघा आणि चिरेच्या भोकाजवळ कान लावून ऐका. कट्ट आवाज आला तर ग्लूची कड कुठेतरी सुटलीय, तेवढीच जागा घासून परत ज्योत आणि ग्लू द्या. आवाज नाही आला तर समोर लवचिक पुट्टी, पीपी असेल तर प्लास्टिक प्रायमर आणि मग रंग. पहिला आठवडा प्रेशर वॉशरचं नोझल त्या जागेजवळ आणू देऊ नका, गाडी धुणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.